बोट ओढण्याआधी काट्यावर घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटरबोटी दुरुस्त करणाऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. रंगकामावर आणि इंजिनावर लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे. मात्र ट्रेलरवर ठेवलेली बोट रस्त्याने ओढायला गाडी कोणती, हा प्रश्न 'दमदार इंजिनाची कोणतीही' एवढ्यावर उरकलाय. याच समजुतीपायी माझे सहा महिने फुकट गेले, म्हणून हे पत्र.

माझी हयात शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर एक सोळा फुटी फायबरची बोट हाती लागली. कागदावर वजन ४१० किलो, आणि माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा ९००. म्हटलं, निम्म्यातच भागलं! पण ते ४१० किलो नुसत्या सांगाड्याचे. मागचं इंजिन ११०, ट्रेलर २५०, बॅटरी-नांगर-दोर मिळून ६५, टाकीतलं ६० लिटर पेट्रोल ४५. झाले ८८०. तरी मी खूशच, वीस किलो उरले की! मुलगा म्हणाला, "बाबा, एकदा काट्यावर तर घालू." शेजाऱ्यांच्या पिकअपला बांधून ट्रकच्या वजनकाट्यावर नेली. आकडा आला १,०४०.

जास्तीचे १६० किलो पाण्याचे निघाले. बोट बुडू नये म्हणून तळाच्या फळ्यांखाली फोम भरलेला असतो. चांगला असेपर्यंत तो पाणी फारसं धरत नाही, पण वर्षानुवर्षं ओलीत राहिला की मुरत जातं. फळी उचकटून करवतीने एक तुकडा काढला आणि दाबला, तर बोटांमधून काळपट पाणी ओघळलं. मग इंजिन टांगतात ती मागची भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकली. वर टणटण, खाली बद्द. आतलं प्लायवूड कुजलेलं.

आता दमदार इंजिनाबद्दल. सपाट रस्त्यावर माझ्या गाडीनेही एवढं ओढलं असतं. घोडं अडतं ते थांबताना. पुस्तिकेतले ९०० किलो ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी होते. बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा खालच्या ओळीत होती, बरीच कमी. चष्मा लावूनही ती ओळ मला दिसली नव्हती. माझ्या ट्रेलरला ब्रेक नाहीत.

शेवटी फोम बदलला, ट्रेलरला ब्रेक बसवले आणि जुनी पण वजनदार, चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. बोट पाण्यातून काढताना काठच्या उतारावर पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं नाक हलकं होतं आणि शेवाळावर चाकं नुसती फिरतात, हे शेजाऱ्यांनी आधीच बजावलं होतं.

तरी पहिल्याच फेरीत ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. घरच्या वजनकाट्यावर ट्रेलरचं गाडीला जोडायचं टोक टेकवलं तर भार जेमतेम २० किलो. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार तिथे हवा. बोट ट्रेलरवर थोडी पुढे सरकवली, ६५ झाला, हलणं थांबलं. (तो काटा बायकोचा. त्यावर ग्रीसचा डाग अजून आहे आणि विषयही अजून निघतो.)

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकाने वजनकाट्याबद्दल दोन ओळी जरूर घालाव्यात, ही विनंती. गाडीच्या आधी.

आपला,
एक नियमित वाचक