आई, आता स्वतःचं बघ

प्रिय आई-बाबा,

बाबा, आईला चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र तुम्हालाच मोठ्याने वाचायला लागणार हे मला माहीत आहे, तर आधीच सांगते, विषय बायकांच्या छातीचा आहे, लाजून मधली वाक्यं गाळू नका.

आमच्या हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरचं ट्रेनिंग झालं. मॅडमनी विचारलं घरच्या घरी कसं तपासायचं, सगळ्या सिस्टर धडाधड बोलल्या, पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी, पाळी गेलेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून, आरशात कुठे खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, त्यातून रक्त येतंय का. मग विचारलं, गेल्या महिन्यात स्वतःचं कोणी कोणी बघितलं? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे! नाईट असते, वेळ नसतो, आणि एकजण खरं बोलली, सापडलं तर काय करू म्हणून हातच लावत नाही. मॉडेलवर करायला लावलं तर कितीतरी जणी चिमटीत धरून बघत होत्या, अगं चिमटीत तर सगळंच गाठीसारखं लागतं, मधल्या तीन बोटांचा सपाट भाग फिरवायचा, पार काखेपर्यंत.

आई, मला तूच आठवलीस. नोकरीभर वाडीवाडीत बायकांना सांगत फिरलीस आणि स्वतःचं विचारलं की "माका काय होऊचा नाय". आधी गणपती होऊंदेत, मग शिमगा, मग आंब्याचा सिझन.

आणि नुसतं स्वतः चाचपून भागत नाही हां. शांघायमध्ये गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर मोठा अभ्यास झालेला, अर्ध्याजणींना नीट शिकवलं तरी मृत्यू काही कमी झाले नाहीत, २००२ ला आलं ते. पण टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांची, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करवली, त्यात पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मशीन नाही, शिकलेला हातच. तो उपकेंद्रात आहे. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायका येतात, तू अजून बसतेस त्यात. नवीन सिस्टर तुझ्या निम्म्या वयाची आहे म्हणून तिची परीक्षा घेत बसू नको. गाठ लागलीच तर बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण दुखत नाही म्हणून सोडायची पण नाही.

बाबा, पेन्शनची तारीख तुम्ही कधी विसरत नाही, त्याच दिवशी आईला आठवण करत जा. मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतेय, त्याआधी उपकेंद्रात जाऊन या, नाहीतर मीच घेऊन जाईन. आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर कळवा, येताना आणते.

तुमची,
बाय