टिपणीत जे नव्हतं ते

ऑस्टिन, टेक्सास

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

मागच्या पत्रात तू जाता जाता एक प्रश्न टाकलास आणि मला कामाला लावलंस. मोठा माणूस खुर्चीवरून उतरला की त्याच्या कार्यालयातले कागद कोणाचे? त्याचे, की सरकारचे? तुझी हयात मंत्रालयात टिपण्या लिहिण्यात गेली, तेव्हा उत्तर तुला ठाऊक असणारच. मला बोलतं करायला विचारलंस, हे ओळखून आहे. तर ऐक. मुलाकडे येऊन मी ज्या गावात राहिलोय, तिथे याच प्रश्नावरून एक मोठं महाभारत होऊन गेलंय.

इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातला राज्यपाल समजू नकोस. हा लोकांनी निवडून दिलेला, प्रत्यक्ष कारभार हाकणारा. मुख्यमंत्र्याच्या जागी धर. धाकटे बुश (जॉर्ज डब्ल्यू.) जानेवारी 1995 पासून डिसेंबर 2000 पर्यंत टेक्सासचे गव्हर्नर होते. मग अध्यक्ष म्हणून निवडून आले, राजीनामा दिला, आणि त्याच धामधुमीत त्यांनी एक काम आठवणीने उरकलं. गव्हर्नर असतानाचे कागद, 1800च्या आसपास खोकी, ऑस्टिनच्या राज्य पुराभिलेखागारात न देता कॉलेज स्टेशनला, वडिलांच्या नावाच्या ग्रंथालयात रवाना केले.

वरवर पाहता हे कायद्याला धरूनच होतं. मावळत्या गव्हर्नरला आपल्या कागदांसाठी राज्यातली दुसरी एखादी संस्था निवडता येईल, अशी तरतूद 1997 साली झाली होती. त्या कायद्यावर सही कोणाची? बुश यांचीच. पेच पुढे आला. थोरल्या बुश यांचं ग्रंथालय केंद्र सरकारचं राष्ट्रीय पुराभिलेख खातं चालवतं. म्हणजे कागद राज्याचे आणि छप्पर केंद्राचं. राज्याचा माहिती कायदा तिथे चालतो का, याचं धड उत्तर कोणी देईना. ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य तू किती वेळा टंकायला दिलं असशील! इथे ते दोन्ही बाजूंनी लिहिता आलं असतं. हेतू काय होता ते बुश जाणोत. पण त्याच सुमारास, नोव्हेंबर 2001 मध्ये, त्यांनी माजी अध्यक्षांच्या कागदांवर निर्बंध घालणारा आदेशही काढला होता. (तो ओबामांनी 2009 मध्ये सत्तेवर येताच रद्द केला.) तेव्हा संशय घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

राज्याच्या ग्रंथपाल बाई मात्र गप्प बसल्या नाहीत. सरकारी नोकरीत राहून, देशाच्या विद्यमान अध्यक्षाच्या कागदांवर हरकत घ्यायची म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. प्रश्न शेवटी राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वात वरचे कायदा अधिकारी, जॉन कॉर्निन यांच्याकडे गेला. गृहस्थ बुश यांच्याच पक्षाचे, आणि त्याच वर्षी सिनेटच्या निवडणुकीला उभे. सगळ्यांना वाटलं, आता काय व्हायचं ते ठरलेलंच आहे. पण मे 2002 मध्ये त्यांनी अभिप्राय दिला तो उलटा: खोकी कुठेही ठेवा, कागद टेक्सास राज्याचे आहेत आणि त्यांना राज्याचा माहिती कायदा लागू आहे. मग पुराभिलेखागाराच्या लोकांनी ती खोकी उघडून लावायला घेतली आणि कागद लोकांना पाहायला मिळू लागले.

हा माहिती कायदा इथे 1973 पासून आहे. शार्पस्टाउन नावाचं शेअर्सचं मोठं लफडं झालं, बडे बडे पुढारी अडकले, त्यानंतर लोकांनी तो पदरात पाडून घेतला. आपल्याकडे अण्णांची उपोषणं, 2002चा राज्याचा कायदा आणि मग 2005चा केंद्राचा. लफड्याशिवाय किंवा उपोषणाशिवाय असा कायदा कुठलंच सरकार आपणहून देत नसावं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. त्या खोक्यांत निघालं काय?

टेक्सासात तेव्हा मृत्युदंडाचं प्रमाण प्रचंड. बुश यांच्या कारकिर्दीत 152 जणांना देहदंड झाला. प्रत्येक वेळी गव्हर्नरचा कायदा सल्लागार एक गोपनीय टिपणी तयार करून पुढे ठेवायचा. पहिल्या 57 टिपण्या अल्बर्टो गोन्झालेस यांनी लिहिलेल्या. हेच पुढे व्हाइट हाउसमध्ये सल्लागार आणि 2005 मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले. एका पत्रकाराने माहिती कायद्याखाली त्या टिपण्या मिळवल्या आणि 2003 साली त्यांवर मोठा लेख छापला.

दत्ता, तो लेख मी तुझ्या डोळ्यांनी वाचला. टिपणी तीन ते सात पानांची, बहुतेक वेळा शिक्षेच्या दिवशीच सादर झालेली. गुन्हा कसा घडला ते सविस्तर, अंगावर काटा येईल असं. आणि कैद्याच्या बाजूने जे काही असेल ते एका वाक्यात, नाहीतर नाहीच. 1997च्या मे महिन्यातलं एक प्रकरण मनातून जात नाही. कैदी तेहतीस वर्षांचा, पण बोलण्या-समजण्याची कुवत सात वर्षांच्या मुलाची. त्याच्या वकिलांनी 30 पानांचा दयेचा अर्ज केला होता. टिपणी तीन पानांची. अर्ज आला होता आणि दयेचे अर्ज पाहणाऱ्या राज्याच्या मंडळाने तो फेटाळला, एवढी नोंद तिच्यात आहे. अर्जात काय म्हटलं होतं, ते नाही. त्याची मानसिक वाढ हा मुद्दा त्याच्या खटल्यातही ज्युरीपुढे कधी आला नव्हता. म्हणजे ज्या शेवटच्या टेबलावर तो पोचायला हवा होता, तिथेही तो पोचला नाही. त्याच दिवशी शिक्षा झाली.

बुश यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, टेक्सासच्या गव्हर्नरचे हात बांधलेले असतात. मंडळाची शिफारस नसेल तर त्याला शिक्षा कमी करता येत नाही, फार तर एकदा 30 दिवसांची स्थगिती देता येते. दुसरी, गोन्झालेस यांचं म्हणणं की टिपणी हा फक्त शेवटचा गोषवारा, आधी तोंडी चर्चा भरपूर व्हायची. पहिली गोष्ट मला पटते. दुसरीबद्दल तूच सांग. ‘कृपया चर्चा करावी’ हा शेरा मारून आपल्या साहेबांनी किती नस्त्या परत पाठवल्या, आणि त्या चर्चांचा एक तरी कागद आज कुठे सापडेल का? मोठ्या माणसाची सही फाईलवर असतेच. त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, हे कळायला खालच्या माणसाचा कागद लागतो. इतिहासकारांना सहीचं फार कौतुक. मला विचारशील तर, कॉलेज स्टेशनला अडकून पडल्या असत्या तर सगळ्यात मोठं नुकसान या टिपण्यांचंच झालं असतं.

खोक्यांत करमणूकही आहे बरं का! 2005 साली बुश यांनी हॅरिएट मायर्स या आपल्या जुन्या वकीलबाईंना सर्वोच्च न्यायालयावर नेमायचं ठरवलं. बाई टेक्सासच्या लॉटरी आयोगाच्या अध्यक्ष होत्या. लगेच बातमीदार पुराभिलेखागारात धावले आणि त्यांना बाईंनी गव्हर्नरला पाठवलेली वाढदिवसाची शुभेच्छापत्रं सापडली. आजवरचे सर्वोत्तम गव्हर्नर तुम्हीच, असं त्यांत कौतुक. देशभर चेष्टा झाली. तेवढ्यामुळे नव्हे, पण महिना संपायच्या आत त्यांचं नाव मागे घेतलं गेलं. हा कागद कोणी ‘खासगी’ म्हणून बाजूला काढला असता तर मीही मान डोलावली असती. आता वाटतं, कार्यालयात आलं ते आलं, निवड करायला बसू नये.

पुराभिलेखागाराची इमारत विधानभवनाच्या शेजारीच आहे. लोरेन्झो दे झावाला यांचं नाव तिला दिलंय, टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हाचे पहिले उपाध्यक्ष. जुनं विधानभवन 1881 साली जळालं आणि त्यात कितीतरी दफ्तर खाक झालं. ते वाचताना 21 जून 2012 आठवलाच. त्या संध्याकाळी मंत्रालयाच्या धुराबद्दल तू फोनवर जे बोललास ते इथे लिहीत नाही.

पण आगीपेक्षा मला हल्ली दुसरीच भीती वाटते. अध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी, जानेवारी 2001 मध्ये, बुश यांनी मित्र-नातेवाइकांना एक निरोपाचा ई-मेल पाठवला. यापुढचा पत्रव्यवहार नोंदीत जाणार, उद्या कोणीही मागणार, म्हणून ई-मेल बंद. निदान बोलून दाखवलं! त्यांच्यानंतर गव्हर्नर झालेल्या रिक पेरी यांच्या कार्यालयात सात दिवसांनी ई-मेल आपोआप पुसले जायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर मिट रॉम्नी यांची मुदत संपताना त्यांच्या 11 सहाय्यकांनी सरकारी संगणकांच्या 17 हार्ड डिस्क 65 डॉलरला एक अशा स्वतः विकत घेतल्या. रीतसर पैसे मोजून! रद्दी विकत घेऊन पुरावा घरी नेण्याची ही कल्पना आपल्याकडे कोणाला सुचली नसावी. सुचली असेल तर तू सांगणार नाहीस.

तुझा भाचा आता तुझ्याच विभागात कक्ष अधिकारी झालाय ना? त्याला माझ्या वतीने एक विचार. हल्ली साहेबांचे आदेश म्हणे व्हॉट्सॲपवर येतात. ते नस्तीला लावायचे तर छापून लावतात, की ‘तोंडी आदेशानुसार’ एवढंच लिहून पुढे जातात? सविस्तर लिही. फोनवर नको, तू फोनवर निम्मं गाळतोस.

इकडे थंडी संपली, गुडघा ठीक आहे. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
वसंत