डेटाबेस फुकट, सुटका महाग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाढत्या बाजारावरचा लेख रविवारच्या अंकात वाचला. बाजार वाढतोय खरा, पण बेळगावात शहापूरच्या एका लहान पतसंस्थेत 26 वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तो कसा दिसतो, तेही छापावं.

आमचं पहिलं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं. मायक्रोसॉफ्टने 1992 साली फॉक्स कंपनी विकत घेतली आणि 2015 मध्ये शेवटच्या आवृत्तीवरूनही हात काढला. मग आम्ही मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या फुकट एक्स्प्रेस आवृत्तीवर आलो. तिथे तेव्हा एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा होती. सभासदांचे फोटो, सह्या सगळं त्यातच कोंबलेलं (ही अक्कल कुणाची, विचारू नका), त्यामुळे ऐन मार्चअखेरीस नवी नोंदच होईना.

बर्कलेच्या विद्यापीठात 1986 साली सुरू झालेल्या कामातून आलेलं पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याला अशी 10 जीबीची वेसण नाही. मायएसक्यूएल हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर, ते ज्या सन कंपनीचं होतं तिच्याबरोबर, 2010 मध्ये ओरॅकल या बड्या डेटाबेस कंपनीकडे गेलं, तर ते घडवणाऱ्या वायडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबीची वेगळी चूल मांडली होती. अॅमेझॉनने तर 2019 पर्यंत ओरॅकलवरचे सुमारे 7,500 डेटाबेस स्वतःच्या सेवांवर हलवले. म्हणजे स्पर्धा आहे.

आमच्यापर्यंत मात्र ती पोचत नाही. आम्ही डेटाबेस घेतच नाही, सॉफ्टवेअरवाला देईल ते घेतो. सोडून जातो म्हटल्यावर आमचाच डेटा काढून द्यायला त्याने वेगळं कोटेशन दिलं. पैसे भरले. हाती आलं ते काय? पडद्यावर ‘पाटील’ दिसायचं, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. नावं जुन्या मराठी फॉन्टात भरलेली, आणि सरकारी कागदांसाठीची कन्नड नावं आणखी दुसऱ्याच फॉन्टात. युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच वाचता येणाऱ्या अक्षर-संकेताचा, पत्ता नाही. दोघा कारकुनांनी सगळे सभासद पुन्हा टाईप केले. बापू आणि बाप्पू एकच की दोन, यावरून रोज वाद. शेवटी जुनं कीर्द-खतावणीचं बाड माळ्यावरून खाली काढलं, तेव्हा निकाल लागला.

करारात दोन ओळी असत्या तर हे टळलं असतं: मागू तेव्हा सगळा डेटा साध्या सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली, कुठेही उघडणारी मजकुराची फाइल), जादा पैसे न घेता, आणि नावं युनिकोडमध्येच. सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील. त्याआधी आपल्या सदरात असा कराराचा नमुना छापलात, तर खानापूर-निपाणीकडच्या सचिवांनाही कात्रण काढून ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त सचिव, शहापूर, बेळगाव