मंत्र्यांच्या उत्तरांचाही हिशेब मांडा : संसदीय कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संसदीय कार्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

संसदेच्या प्रत्येक अधिवेशनाचे सूप वाजले की आपल्या मंत्रालयाचे एक पत्रक निघते. लोकसभेचे कामकाज इतके टक्के झाले, राज्यसभेचे तितके टक्के, इतकी विधेयके मांडली, इतकी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच आकडे छापून येतात. हे टक्के तासांचे असतात. सभागृह किती वेळ चालले ते त्यांवरून कळते. त्या वेळात मंत्री काय बोलले, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, दिलेला शब्द पुढे पाळला गेला की नाही, यातले काहीच कळत नाही.

खासदारांचे बरे असते. निवडणूक जवळ आली की त्यांची हजेरी, त्यांनी विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा यांचे तक्ते प्रसिद्ध होतात आणि मतदार ते वाचतात. त्याच तक्त्यांत मंत्र्यांच्या नावापुढचे रकाने मात्र कोरे असतात. कारण तांत्रिक आहे आणि ते योग्यही आहे : मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि स्वतः प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरे देतात. पण मग त्या उत्तरांचा हिशेब कोणी ठेवायचा? ज्याच्या हाती खाते आहे, पैसा आहे, अधिकारी आहेत, नेमक्या त्याच माणसाचे संसदेतले काम जोखायला आमच्याकडे काहीही नाही. राज्यघटनेच्या कलम ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. ती जबाबदारी रोजच्या रोज निभावण्याची जागा म्हणजे उत्तर देणे. म्हणून हे पत्र मी कोणा एका खात्याच्या मंत्र्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

प्रश्नोत्तरे कशी होतात हे आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सदस्याला साधारणपणे किमान १५ दिवस आधी प्रश्नाची सूचना द्यावी लागते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. तारांकिताला मात्र सभागृहात तोंडी उत्तर असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. मूळ प्रश्नाचे उत्तर मंत्रालयातले अधिकारी दोन आठवडे बसून तयार करतात, कोणताही शब्द अंगाशी येऊ नये अशा बेताने. उपप्रश्न मात्र तिथेच, उभ्या उभ्या येतो. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या येतात, पण तोवर मंत्र्याला काहीतरी बोलावेच लागते. आपले खाते त्याला किती ठाऊक आहे हे त्या अर्ध्या मिनिटात दिसते. आणि २० पैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. बाकीचे यादीतच राहतात आणि त्यांची छापील उत्तरे पटलावर जातात.

या उपप्रश्नाच्या बळावर या देशाचा एक अर्थमंत्री गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला, की आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले आहेत का. पहिल्या उत्तरांनी समाधान झाले नाही. नोव्हेंबरात प्रश्न पुन्हा आला. १६ डिसेंबरला फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले. महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते, पैसा लाखो विमेदारांचा होता आणि रक्कम होती १ कोटी २४ लाख रुपये. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते आणि समोरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी त्यांच्याच पक्षाचे होते. विरोधकांचे संख्याबळ तेव्हा नगण्य होते. तरीही सरकारला चौकशी मान्य करावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत, लोकांसमोर, खुल्या सुनावणीत केली. ऐकायला एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. हा व्यवहार सचिवांनी आपल्या संमतीविना केला, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, असा निष्कर्ष छागलांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. न समाधान करणारे उत्तर सदस्याने सोडून दिले नाही आणि सभागृहाने त्याला पुन्हा विचारू दिले, म्हणून हे घडले.

आता अलीकडचे एक उत्तर पाहा. १४ सप्टेंबर २०२०, कोरोनाकाळातल्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरे होती. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असे श्रम मंत्रालयाला विचारले होते. उत्तर आले : अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि आकडेवारीच नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच उत्तरात १ कोटी ४ लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याची राज्यवार नोंद होती. परतलेले मोजले होते, वाटेत गेलेले मोजले नव्हते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे उत्तर वाचून करमाड आठवल्याशिवाय राहत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. त्याची रेल्वे सुरक्षा आयुक्तांमार्फत चौकशीही जाहीर झाली होती. श्रम मंत्रालयाच्या उत्तरानंतर चारच दिवसांनी, त्याच आठवड्यात, श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे रेल्वे मंत्रालयाने राज्यसभेत लेखी सांगितले. म्हणजे एका मंत्रालयाकडे काही नोंदी होत्या. दुसऱ्याने त्या मागवल्या नव्हत्या, किंवा मागवून उत्तरात घातल्या नव्हत्या. प्रश्नोत्तराचा तास असता आणि हा प्रश्न तारांकित असता, तर कोणीही सदस्य उभा राहून विचारू शकला असता : ठेवली नाही, तर आता राज्यांकडून मागवणार का? केव्हापर्यंत? त्यावर मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावे लागले असते.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो आणि तो थेट आपल्या मंत्रालयाच्या कामाशी जोडलेला आहे.

मंत्री सभागृहात ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ असे म्हणाले, की ते आश्वासन धरले जाते. दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेने या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती नेमली. राज्यसभेची समिती १९७२ ची. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, ही फार शहाणपणाची तरतूद आहे. कामकाजाच्या वृत्तांतातून आश्वासने वेचून ती त्या त्या मंत्रालयाकडे पाठवण्याचे काम आपल्याकडे आहे. तीन महिन्यांत पूर्तता व्हावी असा दंडक आहे. २०१८ पासून हे सारे संगणकावर नोंदले जाते.

व्यवस्था चांगली आहे. पण तिचा एक परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. जो मंत्री ‘माहिती अजून आलेली नाही, मागवतो’ असे म्हणतो, त्याच्या नावावर आश्वासन चढते. समिती त्याला विचारते, तीन महिने मोजले जातात, मुदतवाढ मागावी लागते. जो मंत्री ‘अशी आकडेवारी ठेवली जात नाही’ म्हणून दार लावून घेतो, त्याच्या नावावर काहीच चढत नाही. प्रामाणिकपणे अर्धवट उत्तर देणारा अडकतो आणि उत्तरच न देणारा मोकळा सुटतो. मंत्रालयातले अनुभवी अधिकारी हे पुरते ओळखून असतात आणि मसुदा तसाच करतात. त्यांना मी दोष देत नाही. मोजमापच असे ठेवले आहे की कोणीही सावधपणे वागणारा माणूस दुसरी वाट धरेल.

म्हणून माझी मागणी आहे, की आपल्या अधिवेशनाअखेरच्या पत्रकात टक्केवारीच्या खाली मंत्रालयवार एक तक्ता जोडावा. या अधिवेशनात किती आश्वासने दिली गेली, जुन्यांपैकी किती तीन महिन्यांत पुरी झाली, कितींना मुदतवाढ मागितली, किती वगळावीत अशी विनंती केली आणि का. त्याच्याच शेजारी, ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ असे उत्तर किती प्रश्नांना दिले गेले. हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या खात्याकडे वर्षानुवर्षे त्याच त्या गोष्टीची आकडेवारी नसेल, तर ते या रकान्यात उघड दिसेल आणि ती गोळा करण्याची पाळी त्या मंत्र्यावर येईल.

वगळण्याच्या विनंतीबद्दल वेगळे बोलले पाहिजे. आश्वासन पाळणे शक्य नाही असे मंत्रालयाला वाटले, तर ते समितीला कळवते. समिती पटले तर ते वगळते, नाही तर नाकारते. हे सगळे समितीच्या अहवालांत असते, पण ते अहवाल किती लोकांपर्यंत पोहोचतात? ज्या सभागृहात शब्द दिला, त्याच सभागृहात मंत्र्याने उभे राहून दोन वाक्यांत सांगावे, की हे होणार नाही, कारण अमुक. उत्तरात चूक झाली असेल तर ती सभागृहात दुरुस्त करण्याची पद्धत आहेच. दिलेला शब्द मागे घ्यायलाही तीच जागा हवी.

लोकसभेत नियम ३७२ खाली मंत्री स्वतःहून निवेदन करतात, तेव्हा त्यावर प्रश्न विचारता येत नाही. राज्यसभेत सदस्य स्पष्टीकरण मागू शकतात. एकाच विषयावर एकाच मंत्र्याने केलेल्या निवेदनावर एका सभागृहाने विचारायचे आणि दुसऱ्याने नुसते ऐकून घ्यायचे, याला सबळ कारण मला दिसत नाही. पंधरा मिनिटे स्पष्टीकरणासाठी ठेवण्याचा प्रस्ताव आपण कामकाज सल्लागार समितीत मांडू शकता.

यावर ‘सगळेच उघड सांगता येत नाही’ असे म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत काय बोलले ते वाचावे. १९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा अहवाल गोपनीय ठेवायचे सरकारने ठरवले होते. तरीही यशवंतराव सभागृहात आले. प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांचे नेतृत्व अशा मुद्द्यांवर चौकशीत काय आढळले ते त्यांनी सांगितले. अहवाल खुला करायला हवा होता असे मलाही वाटते. पण जे सांगता येईल तेवढे तरी मंत्र्याने स्वतः येऊन सांगायचे असते, हा पायंडा त्यांनी पाळला, आणि तोही देशाच्या अतिशय कठीण दिवसांत.

वेळ नाही ही सबबही पुढे येईल. पहिल्या लोकसभेच्या वर्षाला सरासरी १३५ बैठका होत. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४ झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. वेळ कमी झालेला नाही, तो कमी केला आहे. त्याचा परिणाम मंत्र्यांच्या वाट्याला येणाऱ्या चर्चेवर होतो. २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेत चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन कृषी कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झाले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले होते. कायदे आणायचे का ठरले आणि मागे घ्यायचे का ठरले, हे कृषिमंत्र्यांनी चर्चेला उत्तर देताना सांगितलेले वृत्तांतात हवे होते. कायद्याच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हींकडचे लोक ते आज वाचू शकले असते.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू संहिता विधेयकावर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आक्षेपामागून आक्षेपाला उत्तर देत होते. विधेयक तेव्हा पुढे गेले नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. तरी त्या चर्चांचे वृत्तांत आजही अभ्यासले जातात, कारण मंत्र्याने केलेला युक्तिवाद तिथे अक्षर न् अक्षर उतरला आहे. २५ जुलै १९५६ रोजी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेत केलेले निवेदनही असेच आहे. मंत्र्याचे संसदेतले योगदान म्हणतात ते याला.

मी सुचवलेल्या तक्त्याला नियमदुरुस्ती लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. आश्वासनांच्या नोंदी आपल्याच प्रणालीत आहेत आणि उत्तरे दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर आहेत. येत्या अधिवेशनापासून सुरुवात करता येईल. पहिला तक्ता काही मंत्र्यांना अडचणीचा जाईल, बहुधा आपल्या पक्षातल्याही. कदाचित म्हणूनच तो आपण काढायला हवा, कारण उद्या सरकार बदलले तर तेव्हाच्या मंत्र्यांनाही तो चुकवता येणार नाही.

या पत्राची प्रत मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवत आहे. असा तक्ता प्रसिद्ध करण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास केव्हापासून आणि नसल्यास त्याची कारणे काय, असा तारांकित प्रश्न त्यांनी द्यावा अशी विनंती त्यांना केली आहे. प्रश्न यादीत वर लागला, तर उपप्रश्नही तयार आहेत.

आपला,
एक मतदार