शेकरूची घरटी मोजली, वाटांचं काय?

संपादक महोदय,

‘शेकरू वाढलंय, जिथे बघावं तिथे घरटी’, असं हल्ली आमच्या जावळी तालुक्यात बऱ्याच जणांकडून ऐकतो. घरटी दिसतात हे खरं. पण एकच शेकरू आसपासच्या झाडांवर एकाहून जास्त घरटी बांधून ठेवतं, त्यामुळे घरट्यांवरून अंदाज बांधणं फसवं आहे. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेत ते सापडणं कठीण, कारण शेकरू दिवसा हिंडतं आणि रात्री घरट्यात झोपतं. मला त्याहून मोठी काळजी आहे ती शेकरूंच्या झाडावरून झाडावर जायच्या वाटांची.

आमच्या गावाकडे येणाऱ्या घाटरस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा दोन्ही कडांची जांभळं आणि एक जुना हिरडा गेला. त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या असायच्या. गेल्या मे महिन्यात, सकाळी साडेसातच्या सुमारास, उरलेल्या आंब्याच्या अगदी टोकाच्या फांदीवर एक शेकरू आलं. फांदी वाकली. त्याने पलीकडे पाहिलं, शेपूट झटकलं आणि मागे गेलं. परत आलं. असं चार वेळा झालं. पाच-सहा मीटरची उडी ते लीलया मारतं, पण इथलं अंतर आता त्याच्या दुप्पट आहे. साध्या खारीसारखं खाली उतरून पळत सुटणं त्याच्या अंगवळणी नाही. शेवटी ते आल्या वाटेने निघून गेलं.

याचा परिणाम काय होतो, हे शेळ्या पाळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. दोनेक वर्षं झाली की तो बोकड बदलतो. कळपातलाच बोकड ठेवला तर करडं बारकी निपजतात, मरतुक वाढते. जंगलाच्या तुकड्यात अडकलेल्या शेकरूंकडे बाहेरचा नर येणार कुठून? अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवरची तांबडी खार हजारो वर्षं इतरांपासून तुटलेली आहे. तिच्यातली जनुकीय विविधता फार कमी उरली आहे. २०१७ च्या वणव्यानंतर मोजल्या तेव्हा जेमतेम ३५ खारी राहिल्या होत्या.

इंग्लंडच्या उत्तरेकडचा अनुभव मात्र उमेद देणारा आहे. कील्डर इथे विसाव्या शतकात माणसांनी सूचिपर्णी झाडांचं मोठं जंगल लावलं. ते वाढलं आणि दुरावलेल्या तांबड्या खारींच्या वस्त्या जोडल्या गेल्या. संशोधकांनी संग्रहालयांतल्या जुन्या खारींचा डीएनए आताच्या खारींशी ताडून पाहिला, तेव्हा एकीकडचे जनुक शंभरेक किलोमीटरपर्यंत पोचल्याचं आढळलं. २००१ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत हे प्रसिद्ध झालं. म्हणजे तुटलेली वाट झाडं लावून पुन्हा जुळते.

आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीची शेकरू एकमेकांत मिसळतात का? कोयनेचं खोरं शिवसागराच्या पाण्याने केव्हाच दुभंगलं. कोयना आणि चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, आणि वाघाच्या भ्रमणमार्गाबद्दल आपण बोलतोही. पण वाघ रात्रीत उघडा माळ ओलांडून जातो. शेकरूला फांदीला फांदी लागते.

वनविभागाला विनंती आहे की घरट्यांखाली पडलेले केस आणि लेंड्या तिन्ही भागांतून गोळा कराव्यात. केसाच्या मुळाशी डीएनए मिळतो, प्राण्याला पकडायची गरज नाही. असं काम करणारी लॅकोन्स ही प्रयोगशाळा हैदराबादला सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आहे. आपल्या महाविद्यालयांतली प्राणिशास्त्राची मुलं नमुने गोळा करायला आनंदाने येतील, हे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो.

रस्ते करणाऱ्यांनी जिथे फांद्या तुटल्या तिथे आडवे दोरपूल टांगावेत. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल लावले आहेत. आणि कृपा करून कडेला गुलमोहर लावू नयेत. जांभूळ, हिरडा, उंबर, आंबा लावावा, तोही दोन्ही कडांना समोरासमोर.

त्या आंब्यासमोरच्या कडेला मी गेल्या पावसाळ्यात दोन जांभळं लावली आहेत. त्यांच्या फांद्या पलीकडे पोचायला वीसेक वर्षं लागतील. तोवर तिथे दोर बांधायची परवानगी मिळावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. जावळी, जि. सातारा