चि. मुक्ता हिस पत्र

नाशिकरोड

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फर्निचरच्या दुकानात कपाटांवर वेलबुट्टी रंगवण्याचे काम घेतल्याचे तू रविवारी सांगितलेस. त्यावर "एवढे शिकून हेच करायचे होते का?" असे मी विचारताच, "बाबा, जेकबसनने तिजोऱ्या रंगवल्या होत्या," एवढेच बोलून तू फोन ठेवलास. खोलीतली मैत्रीण सोडून गेल्याचेही तू त्याच फोनवर जाता जाता सांगितले होतेस. तो विषय तसाच राहिला.

शैलेशने छापून आणलेली जेकबसनची माहिती मी वाचली. हा जहाजांचा चित्रकार अंतोनियो जेकबसन १८५० साली कोपनहेगनला व्हायोलिन बनवणाऱ्या घरात जन्मला आणि ऐन विशीत न्यूयॉर्कला उतरला. तिथे बॅटरी पार्कात बसून तो जहाजे रेखाटत असताना मार्विन नावाच्या तिजोऱ्यांच्या कंपनीने त्याला नक्षीकामाला घेतले. पुढे जहाज कंपन्या आणि कप्तान त्याच्याकडून आपापल्या जहाजांची चित्रे काढून घेऊ लागले. १८८० मध्ये तो न्यूजर्सीतल्या वेस्ट होबोकेनला राहायला गेला आणि १९२१ साली वारला. सहा हजारांच्या आसपास चित्रे त्याने काढली असे म्हणतात, आणि त्यांतली काही तर अवघ्या पाच डॉलरला दिली. तू भाव करताना असा भिडस्तपणा करू नकोस.

शैलेशच्या मोबाईलवर मी ती चित्रे मोठी करून पाहिली. जहाज बहुधा कुशीवरून दिसणारे, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत संपूर्ण. धुरांड्याचा रंग, कंपनीचे निशाण, डोलकाठीचे दोर, सगळे जागच्या जागी. प्रेसमध्ये नोटांची रेघ न् रेघ तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या माणसाची शिस्त मला लगेच पटली. जो कप्तान त्याच जहाजावर वर्षे काढतो त्याच्यापुढे चुकीचा दोर खपला नसता. पाणी मात्र, पक्षपात वाटला तरी लिहितो, तुझे सरस आहे. २०१९ च्या पुरात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हाचे तुझे ते गढूळ, फेसाळ पाणी दिवाणखान्यात लावले आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तुझी आई ते आधी दाखवते, चहा नंतर.

पण मुक्ता, त्याच्या घरात बायको होती, मुले होती, आणि मुले मोठी झाल्यावर चित्रांना हातभार लावत, हेही त्याच पानांत आहे. तुझ्या खोलीत रात्री कोण असते? लग्नाचा विषय मी काढणार नव्हतो आणि काढतही नाही. परंतु परक्या मुलखात दिवसभर उभ्याने रंगकाम करून आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला कोणी असू नये, हे मला पटत नाही. टर्पेंटाईनच्या वासाने तुला लहानपणापासून खोकला होतो, आणि हिवाळ्यात तिकडे खिडक्या बंदच असणार. रात्री खोकल्याची उबळ आली तर शेजारी कळायला तरी हवे. पुन्हा उपदेश झाला, रागावू नकोस. तुझ्या वयात मीही वडिलांचे असे कागद अर्धेच वाचत असे.

कपाटांचे काम कर, माझी हरकत नाही. रंगवलेल्या एखाद्या कपाटाचा फोटो पाठव, आईला पाहायचा आहे, मलाही. मात्र खोलीत दुसरी मुलगी राहायला येईपर्यंत रोज रात्री झोपण्यापूर्वी एक मेसेज टाकत जा. आमच्याकडे तेव्हा सकाळ असते, मी उठलेलाच असतो.

तुझे,
बाबा