तळमजल्यावरच्या काकांना, एका उदबत्तीबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर गप्प केल्याबद्दल तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

कॉम्प्युटरचं लहान कॅबिनेट, म्हणजे त्याचा डबा, मी हौसेने घेतलं नव्हतं. डोंबिवलीच्या वन-आरकेत टेबल एकच. त्यावरच ऑफिसचं काम आणि त्यावरच रात्री अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचं रेकॉर्डिंग. आतला मुख्य सर्किट बोर्ड मिनी आयटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटरचा, वाटीएवढा जीव. पंख्याचा आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा! दहावीचा भूगोल वाचत होते, तर मोसमी वारे माझ्या मागे खरोखरच घोंगावत होते.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात सांगितलं, पंखे वाढवा. मी मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचे दोन बसवून घेतले. गारवा वाढला नाही, गिरणी तेवढी दुप्पट झाली. तिसरा घ्यायला निघाले होते आणि तुम्ही जिन्यात भेटलात. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारे मोठे पंखे, सांभाळलेला माणूस माझ्याच इमारतीत राहतो, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर नाही, उदबत्ती मागितलीत. बाजूच्या जाळीमागे सीपीयू कूलरचा, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा, १२० मिलिमीटरचा पंखा, तो तिथूनच हवा ओढणार. पण जाळीपाशी धरलेला धूर आत न जाता नुसता डुलत राहिला. "हा बाहेरची हवा खातच नाहीये. स्वतःचीच गरम वाफ परत परत गिळतोय." पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर फट होती आणि त्या फटीतून तो कॅबिनेटमधलीच तापलेली हवा खेचत होता. मग कितीही जोरात फिरला तरी काय होणार?

मी म्हटलं, पंखाच जाळीला टेकवू. तेव्हाचं तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "पात्यांच्या तोंडाशी जाळी आली की शिट्टी वाजते. अंतर राहू दे, भिंत बांध." मग खिडकीला लावायची फोमची पट्टी आणून पंख्याच्या चौकटीभोवती कडं केलंत, जाळीला टेकेल इतकंच उंच. पुन्हा उदबत्ती. या वेळी धूर सुतासारखा सरळ आत. (उदबत्ती लगेच विझवलीत, राख आत जाईल म्हणून. त्यावर काकूंना हसू आवरेना. देवापुढे तुम्ही इतकी काळजी घेत नाही म्हणे.)

रेकॉर्डिंगची फाइल तयार होत असताना प्रोसेसर ८३ अंशांवर जायचा, तो ७४ वर थांबला. तेही मे महिन्यात, खोलीच ३५ अंशांवर असताना. त्यामुळे पंखा मिनिटाला १६०० फेऱ्यांवरून ८०० वर आणता आला. फेरे निम्मे झाले की हवाही साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हे गणित तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवलंत. एकसारखे दोन पंखे लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे पंखे दोन असणं हा गुन्हा नव्हताच, ते जिवाच्या आकांताने पळत होते हा होता.

ते का पळत होते, तेही तुम्हीच पकडलंत, कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही असं म्हणत म्हणत. "प्लगला भोकं तीन, बोर्डावर पिना चार. चौथी कशाला?" वेग सांभाळायचा इशारा त्या चौथ्या पिनेतून जातो. माझे पंखे तीन पिनांचे आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगांच्या पडद्यावर) सेटिंग चार पिनांचं, त्यामुळे त्यांना कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळत होते. सेटिंग बदलून ते गप्प झाले असते. पण ते काढून ठेवल्यावर तापमान जेमतेम दोन अंशांनी वाढलं, तेव्हा ते बाहेरच राहिले. आत स्वतःची वेगळी उष्णता सोडणारं ग्राफिक्स कार्ड असतं तर हे चाललं नसतं, हे मलाही कळतं.

एकच गोष्ट मी माझ्या अकलेने केली. पंखा ६० अंशांपर्यंत एकाच वेगाने ठेवला आणि वेग वाढवायला काही सेकंदांची सबुरी दिली. सततची मंद घरघर कान विसरतो. वर-खाली होणारी विसरत नाही.

काल भूगोलाचं शेवटचं प्रकरण संपलं. हेडफोन लावून ऐकलं, तर मागे फक्त खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. ती तुमचीच, आणि ती मी कापलेली नाही.

ते दोन ८० मिलिमीटरचे पंखे पिशवीत घालून तुमच्या दाराला अडकवलेत. काकूंना म्हणावं, त्यांचं काय करणार हे मला विचारू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची